भुऱ्याची दुसरी आंघोळ

रविवार, रात्र

कंबर धरली आहे. कुत्र्याच्या चार महिन्यांच्या पिल्लाला आंघोळ घालायला दोन तास लागतात असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

पहिली आंघोळ महिन्यापूर्वीची. तिला आंघोळ म्हणणंही धाडसाचंच. भुऱ्या बाथरूमचा उंबरा ओलांडेना. उचलून आत नेला, तर चारही पाय फाकवून, नखं फरशीत रोवायचा प्रयत्न करत लटलट कापत उभा. अंगावर पाण्याचा थेंबही पडला नव्हता, पण ते तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. ‘पाण्याला घाबरतो’ असं ठरवून मी मोकळी झाले, आणि भेटेल त्याला तेच सांगत सुटले.

आज आई दारात उभी राहून मजा बघत होती. म्हणाली, “अगं, त्याचे पाय बघ की. घसरतायत.”

खरंच घसरत होते. ओल्या गुळगुळीत फरशीवर ते पंजे कशाला धरणार? जुना टॉवेल ओला करून खाली अंथरला. भुऱ्याने त्याचा वास घेतला, एक पाय टेकवला, थोडा विचार केला, मग दुसरा टेकवला. आणि उभा राहिला की गुपचूप! महिनाभर मी उगाच पाण्याला दोष देत होते.

बाकी गेल्या वेळच्या चुका मात्र पाठ होत्या. तेव्हा न विंचरताच भिजवला होता. कानामागचा गुंता ओला होऊन असा आवळला की कात्रीच लावावी लागली. तिथलं टक्कल अजून भरलेलं नाही. आज कोरड्या अंगावरच फणी फिरवली. शिवाय तेव्हा माझाच शाम्पू वापरला होता. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, साधारण ५.५ पीएच, कुत्र्यांची उदासीनच्या, म्हणजे ७ च्या जवळपास. आपला शाम्पू त्यांची कातडी कोरडी पाडतो. बिचारा आठवडाभर कराकरा खाजवत होता आणि मी पिसवा शोधत होते.

कोमट पाणी, तेही मगाने, मागच्या पायांपासून पुढे. शॉवरच्या फुसफुसण्याने तो दचकतो. डोक्यावर पाणी ओतलंच नाही, तोंड ओल्या फडक्याने पुसलं. फेस लावायला पाच मिनिटं, काढायला पंधरा. काखेत आणि जांघेत तो दडून बसतो. पाणी स्वच्छ येतंय असं वाटलं की अजून दोन मग ओतायचे, हा माझा आजचा शोध.

मग ते झालं. आधी नाक हललं, कान गालांवर फटाफट आपटले, आणि ती लाट मानेवरून, पाठीवरून सरकत थेट शेपटीच्या टोकाला जाऊन सुटली. आई आपादमस्तक ओली. “मला काय गं, मी तर नुसती उभी होते!”

टॉवेलने टिपून घेतल्यावर नखांना हात घातला. याची नखं काळी, त्यामुळे आतली रक्तवाहिनी दिसत नाही. म्हणून अगदी चतकोर कापायचं आणि कापलेला भाग निरखायचा. मधोमध गडद ठिपका दिसू लागला की थांबायचं. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख आधी घेतलं. ते जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजत नाही, आणि कोयरीसारखं आत वळायला लागलं होतं. तीन नखं झाली, चौथ्याला त्याने पंजा मागे ओढला. मीही सोडून दिला. ओढाताण केली असती तर पुढच्या वेळी कात्री दिसताच पलंगाखाली गेला असता.

त्यानंतर घरभर धूम. सोफ्याला अंग घासून झालं, चादरीला घासून झालं, आणि माझ्या उशीलाही. ओल्या कुत्र्याचा तो वास आता माझ्या खोलीत मुक्कामाला आहे.

सध्या तो त्याच ओल्या टॉवेलवर पसरलाय. वाळत घालायला उचलू गेले तर झोपेतच गुरगुरला. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नखही राहिलंय. पंजा बाहेरच आहे. बघते, जमतंय का.