ॲमस्टरडॅम ते लंडन: विमानात पाऊण तास, प्रवास सहा तासांचा

आई पुण्याहून आमच्याकडे ॲमस्टरडॅमजवळच्या आम्स्टलवेनला येणार म्हटल्यावर लंडनमधल्या हॅरोच्या मामेबहिणीकडे एक चक्कर ठरलेलीच होती. ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळापासून लंडनचं हीथ्रो विमानतळ सरळ रेषेत जेमतेम ३७० किलोमीटर. तिकिटावर सुटायची वेळ ९.१०, पोचायची ९.३५. "पंचवीस मिनिटांत लंडन?" आईनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ब्रिटनचं घड्याळ नेदरलँड्सच्या तासभर मागे, म्हणजे प्रवास १ तास २५ मिनिटांचा. त्यातही विमान हवेत असतं पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं.

खरी मेहनत तिकिटाच्या आधीची. माझ्याकडे डच रहिवासी कार्ड असलं तरी पासपोर्ट भारतीय, त्यामुळे ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतोच. आईचा ब्रिटनचा व्हिसा पुण्यातूनच करून घेतला. तिचा शेंगेन व्हिसा (नेदरलँड्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो) मल्टिपल एंट्रीचा मिळाला आहे ना, हेही बघून घेतलं. सिंगल एंट्रीवर आलेला माणूस एकदा लंडनला गेला की त्याच व्हिसावर परत ॲमस्टरडॅमला येऊ शकत नाही. ज्यांचे आईवडील उन्हाळ्यात येतात त्यांनी अर्ज भरतानाच एवढं बघावं, बाकीचं नंतर निस्तरता येतं.

सकाळी साडेसहाला घर सोडलं. सामान, सुरक्षा तपासणी, शेंगेनबाहेर पडताना पासपोर्ट तपासणी, सगळं रीतसर झालं. विमान वेळेवर हललं आणि मग चालतच राहिलं. आमच्या वाट्याला आली होती पोल्डरबान, २००३ साली सुरू झालेली आणि टर्मिनलपासून सगळ्यांत दूरची धावपट्टी. तिथवर जमिनीवरून जायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात. वाटेत विमान चक्क हायवेवरच्या पुलावरून जातं. खाली ट्रक धावताना बघून आई म्हणाली, "अगं, हे रस्त्यानंच नेणार का आपल्याला?"

उड्डाणानंतर कॉफीचा कप हातात येतो न येतो तोच खाली समुद्र संपून इंग्लंडचा किनारा आला. मग एसेक्सवर दोन घिरट्या. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, त्यामुळे असं थांबणं रोजचंच आणि वेळापत्रकातही ते धरलेलं असतं. वारा पश्चिमेचा असला की विमान शहरावरून उतरतं, म्हणून आईला उजवीकडची खिडकी दिली होती. थेम्सचं वळण आणि टॉवर ब्रिज तिला स्पष्ट दिसले.

पुढे इमिग्रेशनची रांग. भारतीय पासपोर्टला ई-गेट, म्हणजे पासपोर्ट तपासणारी स्वयंचलित दारं, नाहीत, त्यामुळे इथे तास सहज जातो. अधिकाऱ्यानं विचारलं, कोणाकडे, किती दिवस? आईनं "नीस, फोर डेज" इतकंच सांगितलं, मी परतीचं तिकीट पुढे केलं, झालं काम. हीथ्रो सेंट्रलहून हॅरोला एसएल९ बस थेट जाते. मामेबहिणीच्या दारात पोचलो तेव्हा तिथले पावणेबारा वाजले होते.

पुढच्या वेळी मी युरोस्टार रेल्वेचं तिकीट काढणार. ॲमस्टरडॅम सेंट्रल ते लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन थेट गाडीनं साधारण चार तास लागतात, आणि ब्रिटनची पासपोर्ट तपासणी ॲमस्टरडॅमलाच उरकते. उतरलं की शेजारच्या किंग्ज क्रॉसहून मेट्रोपॉलिटन लाइनची मेट्रो हॅरोला जाते. तिकीट बरेचदा विमानापेक्षा महाग पडतं, पण आईचे गुडघे बघता रांगेत उभं राहण्यापेक्षा ते परवडलं. आईला मात्र विमानच हवंय, पुन्हा उजवीकडच्याच खिडकीचं.