तांदळासाठी रांग

आज (जुलै २०२३) न्यू जर्सीत तांदळासाठी रांगेत उभी राहिले, खरंच सांगतेय. २० जुलैला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि दोन दिवसांत इकडची इंडियन दुकानं रिकामी झाली. कोलम तर नव्हताच, सोना मसुरीच्या शेवटच्या २० पौंडी पिशव्या उरलेल्या, माणशी एकच. माझ्या पुढच्या काकांच्या गाडीत आधीच आठ पिशव्या होत्या, मुलगा परत दुसऱ्या रांगेत उभा, आणि मागे एक आजी विचारत होत्या की बाळा, पाच पौंडाची छोटी पिशवी मिळेल का गं, दोनच माणसं आहोत आम्ही. माझी पिशवी त्यांना दिली. फार वाईट वाटलं मला.

अरे, बासमतीची निर्यात चालू आहे, उकड्याची चालू आहे, गोदामात माल आहे, भाताशिवाय कोणी राहणार नाहीये! बंदी घातली कारण तिकडे पाऊस बिघडला, भाव वर्षात ११.५ टक्के चढलेत. खरी झळ आफ्रिकेतल्या बेनिन, सेनेगलसारख्या देशांना बसणार, कारण जगातला ४० टक्के तांदूळ-व्यापार भारताचा आहे. आणि आपण इथे गराजमध्ये पोती रचतोय.

ज्यांनी जास्त घेतलाय त्यांनी प्लीज शेजारी विचारा, कोणाला हवाय का. माझ्याकडे बासमती आहे, इनबॉक्स करा.