हलशी राईड: कट-कट सापडली, पुढचा रूट बदलला

मंडळी, आवाज गेला! नवी बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचं बेअरिंग) टाकूनही चढावर माझ्या सायकलमधून येणारी कट-कट बीबीची नव्हतीच.

हायवे टाळून खानापूर तालुक्यातली हलशी गाठायची, हा बेत जुनाच. येळ्ळूरहून राजहंसगडाचा चढ लागला आणि आवाज सुरू. पेडलचे आटे, चेनरिंगचे बोल्ट, मागच्या चाकाचा क्यूआर (क्विक रिलीज), सगळं आधीच साफ करून ग्रीस लावलेलं. वैतागून उभा राहून पेडल मारले, तर आवाज बंद! बसलो की चालू, उठलो की बंद. क्रँकवर जास्त जोर असताना आवाज नाही म्हणजे बीबी निर्दोष. राहिले सॅडलचे (सीटचे) रेल, त्याचा क्लॅम्प आणि सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी.

देसूर, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी करत खानापूर गाठलं. तिथून सरळ नंदगडला जायचं होतं, पण उघडून बघायला सावली हवी म्हणून असोग्याकडे वळलो. मलप्रभेकाठी रामलिंग मंदिराजवळ इतकी निवांत जागा आहे, आणि मी दरवेळी बाजूने निघून जायचो. उंचीची खूण म्हणून टेप गुंडाळला आणि पोस्ट उपसला. आत तांबड्या धुळीचा आणि जुन्या ग्रीसचा वाळलेला थर, पोस्टवर चरे. सीटट्यूबची (पोस्ट बसतो त्या फ्रेमच्या नळीची) चीर मागच्या चाकाकडे आहे आणि मला मडगार्ड नाही, त्यामुळे चाकाने उडवलेलं सगळं थेट आत.

पुसून काढलं, पण ग्रीस कुठलं? परत खानापुरात ट्रॅक्टरच्या गॅरेजात गेलो. "सायकलीला काय वो, घ्या की," म्हणत मिस्त्रींनी बोटभर दिलं, पैसे घेतलेच नाहीत. स्टील फ्रेम आणि अ‍ॅल्युमिनियम पोस्टला ते चालतं. कार्बन पोस्टवाल्यांनी मात्र ग्रीस लावू नका, पोस्ट खाली सरकतो; त्याला कार्बन पेस्टच हवी. आणि मल्टीटूलमधल्या 5 मिमीच्या आखूड अ‍ॅलन कीवर भिस्त ठेवू नका. वेगळी लांब एल-की बाळगा, क्लॅम्प नीट आवळता येतो.

नंदगडपर्यंत सायकल मुकी! केवढं सुख! ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीपाशी थांबलो. 1831 साली त्यांना नंदगडजवळच फाशी दिली होती. पुढे हलशी, म्हणजे कदंब राजांची पलाशिका. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मधे उभं राहून दोन्हीकडे बघितल्याशिवाय परतू नका.

चिरेवर आता जुन्या ट्यूबचा तुकडा चढवलाय. पुढची राईड जांबोटी-कणकुंबी ठरली होती, पण हे लिहिताना नकाशा उघडला आणि डोक्यात डेगाव शिरलं: हलशीहून तिथलं कमल नारायण मंदिर, मग कित्तूर. जांबोटी पावसाळ्यानंतर. हलशी-डेगावच्या आतल्या रस्त्यांवर 35 मिमी रुंदीचे टायर चालतील का? कोणी गेलं असेल तर सांगा, नाहीतर 40 चे मागवतो.