फ्लशच्या टाकीतला ओव्हरफ्लो : फरशी कोरडी राहते, पाणी मात्र जाते

कमोडच्या फ्लश टँकचे झाकण बाजूला काढून आत पाहिले, तर मधोमध एक उभी पोकळ नळी दिसते; हाच ओव्हरफ्लो. तिचे वरचे तोंड उघडे असते आणि खालचे टोक थेट कमोडमध्ये जाते. टाकी भरण्यात किंवा रिकामी होण्यात तिचा काही वाटा नसतो. टाकी भरणारा बॉल कॉक (तरंगत्या बॉलने पाणी बंद करणारी झडप) बिघडला आणि पाणी थांबेनासे झाले, तरच तिचे काम सुरू होते. पाणी तिच्या कडेपर्यंत चढते, कडेवरून आत पडते आणि कमोडमार्गे निघून जाते. ही नळी नसती, तर तेच पाणी फ्लशच्या बटणाच्या किंवा दांडीच्या भोकातून फरशीवर आले असते आणि फरशीतून खालच्या घराच्या छतात उतरले असते.

रचना इतकी साधी असली, तरी तिच्यातल्या उंचीचा हिशेब अतिशय नाजूक आहे. टाकीत पाण्याची नेहमीची पातळी ओव्हरफ्लोच्या कडेपेक्षा साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर खाली असावी लागते आणि ती कड दांडीच्या भोकापेक्षा पुरेशी खाली असावी लागते. ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे पाणी कडेवरून कसे पडते त्यावर ठरते. नळीचा आतला व्यास २८ मिलिमीटरच्या आसपास धरला, तर ढोबळ हिशेबाने कडेवर अर्धा सेंटिमीटर पाणी चढल्यावर मिनिटाला तीनेक लिटर आत जाते आणि एक सेंटिमीटर चढल्यावर आठ-नऊ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह जवळजवळ तिप्पट होतो, म्हणूनच ही बारीकशी नळी बॉल कॉक पूर्ण उघडा राहिला तरी बहुतेक वेळा पुरी पडते. पण त्यासाठी कडेच्या वर ती एक-दीड सेंटिमीटरची जागा मोकळी असावी लागते. फ्लशचा जुना संच काढून नवा बसवताना ही नळी योग्य उंचीवर आणली नाही, तर ती भोकाच्याही वर राहते आणि टाकीत ओव्हरफ्लो असूनही पाणी बाहेर सांडते. संच बसवून झाल्यावर प्लंबर निघण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. बॉल हाताने खाली दाबून धरावा, पाणी पूर्ण जोराने येऊ द्यावे आणि पातळी ओव्हरफ्लोपाशी स्थिरावते की भोकाकडे चढत राहते, हे दोन-तीन मिनिटे पाहावे.

या नळीचे दुसरे काम कमी लोकांना ठाऊक असते. फ्लशच्या टाकीतले पाणी आपण पिण्याचे मानत नाही, पण त्याच टाकीला जोडलेला पाइप घरातल्या इतर नळांचाही असतो. पुरवठा बंद होऊन पाइप रिकामा होऊ लागला, की त्यात उलटी ओढ निर्माण होते. टाकीतले पाणी इनलेटच्या, म्हणजे टाकीत पाणी जिथून येते त्या तोंडाच्या वर चढलेले असेल, तर ते या ओढीने पाइपात परत जाऊ शकते. ओव्हरफ्लो पाण्याची कमाल पातळी बांधून देतो. चांगल्या फिल व्हॉल्व्हवर (टाकीत पाणी सोडणाऱ्या झडपेवर) एक खूण कोरलेली असते आणि ती ओव्हरफ्लोच्या कडेपेक्षा किमान अडीच सेंटिमीटर वर राहील अशा बेताने व्हॉल्व्ह बसवायचा असतो. दिवसातून एक-दोनदाच पाणी येणाऱ्या आपल्या शहरांत आणि पाइप वरचेवर रिकामे होणाऱ्या आपल्या इमारतींत या अंतराला फार महत्त्व आहे.

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. ही सोय फरशीचे रक्षण उत्तम करते, पाण्याचे मात्र अजिबात करत नाही. उलट, गळती डोळ्यांआड करते. जुन्या उंचावरच्या, साखळी ओढायच्या बिडाच्या टाक्यांचा ओव्हरफ्लो बहुधा भिंतीतून बाहेर काढलेला असे. बॉल कॉक बिघडला की बाहेरच्या भिंतीवर धार लागे आणि घरातल्यांच्या आधी शेजाऱ्यांना कळे. ब्रिटनमध्ये अशा नळीला सूचना देणारा पाइप असेच नाव आहे. पाणी नेणे हे तिचे काम होतेच, शिवाय बिघाड उघड करणे हेही होते. तिथे २००१ सालापर्यंत घरगुती टाकीला तळाशी रबरी झडप लावण्याची परवानगी नव्हती, टाकीतले पाणी वाकड्या नळीच्या वाकावरून ओढून नेणारा सायफनच लागे. सायफनमध्ये पाण्याखाली झिजणारा वॉशर नसतो, त्यामुळे त्या बाजूने गळतीच होत नाही. आज आपल्या बहुतेक टाक्यांत तळाशी वॉशर असतो आणि ओव्हरफ्लो आतल्या आत असतो, म्हणजे दोन्ही प्रकारची गळती कमोडच्या मागच्या भिंतीवरून पातळ पापुद्र्यासारखी, आवाज न करता उतरते.

किती पाणी जाते याचा हिशेब एकदा करून पाहावा. मिनिटाला १०० मिलिलिटर ही अगदी किरकोळ धार आहे, पण दिवसाचे १४४ लिटर होतात. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत दर माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. एका संडासातली न दिसणारी धार एका माणसाच्या दिवसभराच्या वाट्याहून जास्त पाणी नेते. उन्हाळ्यात टँकरसाठी वर्गणी काढणाऱ्या सोसायट्यांत पहिली तपासणी इथेच व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

बॉल कॉक बिघडण्याची कारणे ठरलेली आहेत. बोअरच्या जड पाण्याने क्षार धरतात आणि वॉशरची बसायची जागा खडबडीत होते. वॉशर काढून नखाने चाचपला, तर त्यावर गोल खाच पडलेली लागते. ती खाच पडली की वॉशर बदलावाच. प्लॅस्टिकच्या बॉलला सूक्ष्म चीर गेली, की तो आतून पाण्याने भरतो आणि वर उचलला जात नाही. कानाशी हलवून पाहिल्यास आत पाणी डुचमळते. फ्लश कमी पडतो म्हणून अनेक जण बॉलची दांडी वर वाकवतात, पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या वर नेऊन ठेवतात आणि मग ती टाकी कधीच भरून थांबत नाही.

दाबाचा मुद्दा बहुमजली इमारतींत फार महत्त्वाचा आहे. उंचीच्या दर दहा मीटरला साधारण एक किलो प्रेशर (चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब) वाढते. बारा मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीचे पाणी थेट पहिल्या मजल्यावर आले, तर तिथे तीन किलोहून अधिक दाब असतो आणि जुन्या बॉल कॉकला तो रोखण्यासाठी बॉल अधिक बुडावा लागतो, म्हणजेच पातळी अधिक चढते. रात्री वापर थांबला की दाब आणखी थोडा वाढतो; दिवसा ठीक वाटणारी टाकी मध्यरात्री ओव्हरफ्लोमधून गळू लागते, ती यामुळे. याउलट, आत रबरी पडदा असलेल्या नव्या फिल व्हॉल्व्हला बंद होण्यासाठी थोडा दाब लागतोच. सर्वांत वरच्या मजल्यावर तो फारच कमी असला, तर पडदा नीट बसत नाही. म्हणून खालच्या घरात चांगला चाललेला व्हॉल्व्ह वरच्या घरासाठी डोळे मिटून आणू नये.

काही टाक्यांत फिल व्हॉल्व्हपासून एक बारीक नळी ओव्हरफ्लोच्या तोंडाशी आणलेली असते. टाकी भरत असताना कमोडमधले पाणी पुन्हा पातळीवर आणणे हे तिचे काम. तिचे टोक ओव्हरफ्लोच्या कडेवरच क्लिपने अडकलेले असावे. सुटू नये म्हणून ते आत खोलवर सारले, तर ती नळी सायफनसारखी पाणी सतत ओढून कमोडमध्ये नेऊ शकते आणि सर्व भाग नवे असतानाही टाकी गळत राहते.

गळती आहे की नाही आणि असल्यास कुठून, हे ओळखण्याची पद्धत सोपी आहे. टाकीला येणारे पाणी बंद करणारा अँगल कॉक बंद करावा, टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारावी आणि अर्ध्या तासाने पाहावे. पातळी ओव्हरफ्लोच्या कडेशी येऊन थांबली, तर दोष बॉल कॉकचा. ती कडेच्याही खाली उतरली, तर तळाचा वॉशर गेलेला आहे. कडेच्या खाली असून मुळीच हलली नाही, तर टाकी ठीक आहे. ही तपासणी रात्री निजण्यापूर्वी करावी, कारण दाब तेव्हा वाढलेला असतो.

भिंतीत बसवलेल्या टाकीत हे सारे बटणाच्या पट्टीमागच्या चौकोनी जागेतून करावे लागते. नूतनीकरण करताना ती जागा अरुंद करू देऊ नये, पट्टीवर टाइल तर कधीच चिकटवू देऊ नये. अशा टाकीत ओव्हरफ्लोकडे पाहण्याचा आणि बॉल कॉकपर्यंत हात पोहोचवण्याचा तेवढाच मार्ग असतो.