आमची वाटचाल : घाण्यावर आलो तेलासाठी, शिकलो माती

परभणीत आम्ही लाकडी घाणा टाकला 2016 ला. हिशोब साधा होता, घरच्या रानात उन्हाळी भुईमूग घ्यायचा, आपल्याच घाण्यावर गाळायचा आन गिऱ्हाईकाच्या डोळ्यासमोर तेल द्यायचं. रान पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली, काळं भारी, पाण्याची ददात नाही, वर्षानुवर्षं उसाला पाटाचं मोकळं पाणी दिलेलं. त्याच पाण्यानं रानाचं काय केलंय ते पहिल्या हंगामातच कळलं.

वरच्या अंगाचं पीक एकदम झकास, पण ओढ्याकडच्या खालच्या दीड एकरात बी निम्मंच उगवलं, जे उगवलं ते वीतभर होऊन थांबलं, पानांच्या कडा करपलेल्या, फुलं कमी, आऱ्या (फुलातून मातीत शिरणाऱ्या दांड्या, त्यांच्याच टोकाला शेंग धरते) तर मोजून. आण्णा म्हणले पाणी कमी पडतंय, म्हणून आम्ही अजून पाणी दिलं. काढणीला झाड उपटलं की सात-आठ शेंगा, कानाशी धरून हलवल्या की खुळखुळ वाजायच्या, फोडून बघावं तर दाणा सुरकुतलेला नाहीतर नुसतं टरफल. वरच्या रानातल्या क्विंटलभर शेंगांचे 68 किलो दाणे निघाले, खालच्याचे 51. घाण्यावर पण तसंच, वरच्या दाण्याला किलोमागं 400 ग्रॅम तेल पडलं, खालच्याला 340 पण नाही. धंदा नवीन, कर्जाचा हप्ता चालू, त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही.

मग एका दुकानदाराचं ऐकून जिप्सम (कॅल्शियम असलेलं खनिज) टाकलं, मीठ निघून जाईल म्हणला. पुढच्या वर्षी काडीचा फरक नाही. शेवटी माती तपासून घेतली तेव्हा कळलं की आमचं रान चोपण नाही, क्षारपड आहे, आन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चोपण रानात सोडियम मातीला चिकटून बसतो, सामू (पीएच) 8.5 च्या वर जातो, तिथं जिप्सम कामाचं. आमच्याकडं जमिनीखालचं पाणी वर आलेलं, उन्हाळ्यात ते वाफ होऊन उडतं आन मीठ वरच राहतं, सकाळी सकाळी ढेकळांवर पांढरा पापुद्रा दिसतो तो हाच. रान ओलं असून पण मुळीला पाणी ओढता येत नाही, झाड ओल्यात उभं राहून तहानलेलं. आन आम्ही वरून अजून पाणी देत होतो!

भुईमूग या बाबतीत लई नाजूक. मातीचा लगदा करून काढलेल्या पाण्याची वाहकता (ईसी, म्हणजे मीठ किती त्याचं माप) मीटरला 3.2 डेसीसायमनच्या वर गेली की पुढच्या प्रत्येक एककाला उत्पन्न साधारण 29 टक्के घटतं, म्हणजे 5 च्या आसपास निम्मं पीक गेलंच समजा. कापूस 7.7 पर्यंत तग धरतो. शिवाय शेंगेला लागणारं कॅल्शियम मुळीतून येत नाही, ते शेंग स्वतः मातीतून ओढते, सोडियम जास्त असला की तिथंच अडतं आन शेंग पोचट राहते. म्हणून भुईमुगाला हेक्टरी 400 किलो जिप्सम, निम्मं पेरताना निम्मं आऱ्या सुटताना, हे आम्ही चांगल्या रानात पण देतो, पण ते शेंग भरायला, मीठ घालवायला नाही.

मीठ गेलं ते चरांनी. ओढ्यापर्यंत खोल चर काढले, पावसाळ्यात बांध घालून पाणी जिरवलं म्हणजे मीठ विरघळून चरातून निघून जाईल, धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) गाडला, ऊस बंद केला. तीन पावसाळे गेले तेव्हा पापुद्रा दिसायचा थांबला.

तेव्हापासून घाण्यावर काट्याशेजारी एक छोटा ईसी मीटर ठेवलाय. शेंगा घेऊन येणारा शेतकरी मूठभर माती पण आणतो, आम्ही ती पाण्यात ढवळून बघतो, पैसे घेत नाही. या मीटरचा आकडा लगद्याच्या आकड्यापेक्षा कमी येतो, म्हणून शंका आली की प्रयोगशाळेतच पाठवतो. दाणा वाजला तर भाव पाडायच्या आधी आम्ही रान विचारतो. मागच्या हंगामात मानवतकडच्या एका भावाला सांगितलं, खालच्या पट्टीत भुईमूग नको, कापूस लावा, वरचा भुईमूग आम्ही घेतो. त्याची पोती परवाच आली, 66 किलोचा उतारा पडला.