फॉर्मवर लिहिलेले नाव

२०२४ च्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेश मार्गदर्शन कक्षात बसण्याची माझी पाळी होती. दुपारी दीडच्या सुमारास, रांग ओसरल्यावर, बदलापूरहून आलेले एक गृहस्थ मुलीला घेऊन समोर बसले. हातात ती ठरावीक निळी प्लास्टिकची फाईल होती आणि तीत दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांपासून रेशनकार्डापर्यंत सगळे कागद तीन-तीन झेरॉक्स प्रतींसह लावलेले होते. मुलीला बीएमएस, म्हणजे व्यवस्थापनाची पदवी, करायची होती, आणि त्यासाठी सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागणार होती. "मॅडम, दुसऱ्या कॉलेजात विचारलं, ते म्हणाले सीईटीची काही गरज नाही, फी भरा आणि जागा घ्या. मग तुमच्याकडेच सीईटी कशाला?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्या महाविद्यालयाची माहितीपुस्तिका त्यांच्या फाईलमध्ये होतीच. मुखपृष्ठावर 'मॅनेजमेंट स्टडीज' हे शब्द ठळक होते. आत, पदवीच्या रकान्यात मात्र 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' असे लिहिले होते. मुलीने ते वाचले होते, पण तिला त्यात वेगळे काही दिसले नव्हते, आणि त्यात तिची चूक होती असे मी म्हणणार नाही.

हा नावातला फरक कसा आला, ते सांगायला हवे. मुंबई विद्यापीठाचा बीएमएस हा अभ्यासक्रम १९९९-२००० पासून चालू आहे. पुढे अनेक वर्षे त्याचे प्रवेश बारावीच्या गुणांवर, महाविद्यालयाने लावलेल्या मेरिट लिस्टनुसार होत असत. शाखानिहाय वाटणीही ठरलेली होती: वाणिज्य ४५ टक्के, कला २५, विज्ञान २५ आणि पदविकाधारक वगैरे ५ टक्के. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, बीबीए (व्यवसाय प्रशासन), बीसीए (संगणक उपयोजन) आणि बीएमएस हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले. त्याबरोबर ते आपल्या राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रम ठरले, आणि व्यावसायिक म्हटले की २०१५ चा प्रवेश व शुल्क नियमनाचा कायदा, राज्य सीईटी कक्षाची परीक्षा, कॅप राऊंड (केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या) आणि शुल्क नियामक प्राधिकरण हे सगळे ओघाने आले. २९ मे २०२४ रोजी या अभ्यासक्रमांसाठी पहिली सीईटी झाली. राज्यभरातल्या जागा एक लाखाच्या पुढे होत्या, आणि परीक्षेला बसलेले विद्यार्थी पन्नास हजारांच्याही आत. अनेक घरांत ही परीक्षा आहे हेच निकाल लागल्यावर कळले. शेवटी ४ ऑगस्टला पुन्हा एकदा, अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली.

महाविद्यालयांनी दरम्यान आपापला मार्ग काढला होता. बऱ्याच जणांनी बीएमएस हे नाव सोडून त्याच अभ्यासक्रमाला बी.कॉम.चे नाव दिले. बी.कॉम. परिषदेच्या कक्षेत येत नाही, म्हणून त्याला सीईटीही नाही आणि कॅपही नाही. या पळवाटेबद्दल नाक मुरडणे सोपे आहे, पण मी ते करणार नाही. आमच्यासारख्या अनुदानित महाविद्यालयांतही हे वर्ग विनाअनुदानित तत्त्वावर चालतात, म्हणजे शिकवणाऱ्यांचा पगार विद्यार्थ्यांच्या फीमधून होतो. साठ जागांच्या तुकडीत वीस मुले आली, तर माझ्याच शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कंत्राटी सहकाऱ्याचे पुढच्या वर्षी काय होणार, हे मला ठाऊक असते. आमच्या महाविद्यालयाने जुने नाव ठेवले आणि त्या वर्षी निम्म्याहून अधिक बाके रिकामी पाहिली. तेव्हा या प्रश्नात मी तटस्थ आहे असा आव आणत नाही. वर्गात शिकवले जाते ते दोन्हीकडे जवळपास तेच, हेही मान्य करते. माझी तक्रार एवढीच आहे की, नाव बदलल्यावर विद्यार्थ्याला लागू होणारे नियमही बदलतात, आणि प्रवेशाच्या खिडकीवर "तेच आहे हो, फक्त नाव वेगळं" असे सांगून ही गोष्ट दडवली जाते.

या मुलीच्या बाबतीत तो फरक रुपयांत मोजता येण्यासारखा होता. ती ओबीसी प्रवर्गातली होती आणि घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या बरेच आत होते. मी त्या दिवशी एवढेच म्हणाले की तिकडे फी भरली असेल तर असू द्या, पण अतिरिक्त सीईटीचा अर्जही भरून ठेवा. त्यानंतर ८ जुलै २०२४ ला शासन निर्णय निघाला. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. तोवर ही सवलत निम्मी होती. संस्थास्तरावरील कोट्यातून प्रवेश घेतला तर ती नाही आणि कॅपच्या बाहेरच्या बी.कॉम.ला तर हा प्रश्नच येत नाही. एआयसीटीईने मान्यताप्राप्त बीबीए, बीसीए, बीएमएस संस्थांतल्या मुलींसाठी वर्षाला २५,००० रुपयांची सरस्वती शिष्यवृत्ती जाहीर केली, तीही या नावांशीच बांधलेली आहे. मी वडिलांना फोन केला, तेव्हा त्यांनी आधी "म्हणजे फी लागणारच नाही?" असे दोनदा विचारले. विकास शुल्कासारखे इतर आकार लागतील, असे सांगितल्यावर मग त्यांचा विश्वास बसला. फुकट म्हटले की माणसे बिचकतात.

सीईटी अवघड नव्हती. ९० मिनिटांत १०० प्रश्न: इंग्रजीचे ४०, तर्कक्षमतेचे ३०, सामान्यज्ञान आणि संगणकाचे प्रत्येकी १५, आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. गणित आणि हिशेबाला घाबरणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात घ्यावे. निकाल मात्र पर्सेंटाइलमध्ये लागतो, आणि दरवर्षी निदान दहा पालक मला ८२ पर्सेंटाइल म्हणजे ८२ टक्के असे समजून पेढे देऊन जातात. त्याचा अर्थ एवढाच की परीक्षेला बसलेल्यांपैकी ८२ टक्के उमेदवार तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत.

खरी धावपळ कागदांची असते. या मुलीचे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे) फाईलमध्ये व्यवस्थित होते, पण त्याची मुदत ३१ मार्च २०२४ ला संपलेली होती. २०२४-२५ च्या प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२५ पर्यंत वैध असलेले हवे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र आणणे. ते रेल्वेच्या नोकरीसाठी चालेल, राज्याच्या प्रवेशासाठी राज्याचाच नमुना लागतो. सेतू केंद्रातला मनुष्य आपण मागू ते देतो, नेमके काय मागायचे ते आपल्याला माहीत असावे लागते. जात वैधता प्रमाणपत्राला तर महिने लागतात, म्हणून अकरावीत असतानाच त्याचा अर्ज टाकावा, असे मी आता शाळा-कनिष्ठ महाविद्यालयांत सांगत फिरते. प्रमाणपत्र वेळेत हाती आले नाही, तर उमेदवार खुल्या प्रवर्गात गणला जातो, आणि मग गुणवत्ता यादीतला क्रमांकच नव्हे, तर फीचे गणितही बदलते.

महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना लोक नेमके उलटे करतात. "मिळेल तेच वर टाका" असा सल्ला शेजारीपाजारी देतात. प्रत्यक्षात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून मनातले पहिले नाव पहिल्याच क्रमांकावर टाकावे, मग ते मिळण्याची शक्यता कमी का असेना. वर टाकल्याने खालच्या पसंतीची संधी जात नाही. मुलीने कल्याणच्या बाजूचे एक महाविद्यालय पहिले टाकले, कारण लोकलचा प्रवास वीस मिनिटांचा होता, आणि तेच तिला मिळाले.

आता आधीच्या ठिकाणी भरलेली फी. त्या महाविद्यालयाच्या खिडकीवर "एकदा भरलेली फी परत मिळत नाही" असे तोंडी उत्तर मिळाले. पावतीच्या मागेही तसाच रबरी शिक्का होता. परंतु २०२४-२५ साठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे धोरण स्पष्ट होते: ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत, आणि त्यानंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये कापून उरलेले परत. आम्ही अर्ध्या पानाचा अर्ज केला, त्यात धोरणाचा उल्लेख आणि तारीख घातली, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यायला सांगितले. तीन खेपा पडल्या, पण पैसे आले. पोच घेतली नसती तर किती खेपा पडल्या असत्या, कोण जाणे.

प्रवेश झाला की पालक निर्धास्त होतात आणि मुलेही. अभ्यासक्रमाचे आतले नियम कोणी वाचत नाही. सप्टेंबरात वर्ग सुरू झाल्यावर ही मुलगी वेळापत्रक घेऊन माझ्याकडे आली, कारण त्यात व्यवस्थापनाच्या विषयांशेजारी भारतीय ज्ञान प्रणाली, पर्यावरण आणि दुसऱ्याच विद्याशाखेचा एक विषय तिला दिसला होता. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी विषयांत नव्हे, तर श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये, मोजायला घेतली आहे. साधारण १५ तासांच्या अध्यापनाला एक क्रेडिट, सत्राला २० ते २२, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), खुला ऐच्छिक, कौशल्यविषयक, मूल्यशिक्षण, भाषा असे कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्पा भरावाच लागतो. एका कप्प्यातले जास्तीचे क्रेडिट दुसऱ्यात सरकवता येत नाहीत. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे, तिची जाहिरातही खूप होते, पण त्यासाठी आणखी चार क्रेडिटचे कौशल्यशिक्षण किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते, हे सहसा सांगितले जात नाही. माझ्या माहितीत त्या दाराने अजून कोणी हौसेने बाहेर पडलेले नाही. घरची अडचण असलेलीच मुले पडतात आणि ती प्रमाणपत्रासाठी थांबत नाहीत.

चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. हे वाक्य पहिल्या वर्षाच्या स्वागत समारंभात मोठ्याने वाचले पाहिजे, कारण पहिल्या सत्रातला निष्काळजीपणा चौथ्या वर्षी आडवा येतो. उपस्थितीची अट ७५ टक्क्यांची आहे, आणि डिफॉल्टर लिस्ट फलकावर लागते, तेव्हा वैद्यकीय प्रमाणपत्रांची जी आवक होते, ती पाहून शहरात साथ आली आहे की काय असे वाटावे. त्या वर्षी अतिरिक्त सीईटीतून आलेल्या मुलांचे सत्रच उशिरा सुरू झाले. आमच्याकडे शनिवारी जादा तास घेऊन अभ्यासक्रम उरकावा लागला, आणि ज्या परीक्षेमुळे प्रवेश शिस्तीत होतील असे म्हटले गेले, तिनेच या मुलांचा निम्मा पावसाळा खाल्ला, हे नमूद करायला हवे.

पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर मुलगी गुणपत्रिका घेऊन पुन्हा आली. वित्तीय लेखांकनात महाविद्यालयाच्या अंतर्गत मूल्यमापनात ४० पैकी २७ आणि सत्रान्त लेखी परीक्षेत ६० पैकी १९ होते. "मॅडम, बेरीज ४६ होते. चाळीसला पास आहे. मग केटी कशी लागली?" केटी म्हणजे नापास विषयाची पुन्हा परीक्षा. मी तिला तिच्याच महाविद्यालयाच्या नियमपत्रकातले कलम दाखवले: दोन्ही भागांत स्वतंत्रपणे ४० टक्के हवेत, म्हणजे लेखीत २४. अंतर्गत गुणांचा लेखीला काही उपयोग नाही. आमच्या जुन्या ७५-२५ च्या पद्धतीतही ३० आणि १० असे वेगवेगळेच मिळवावे लागत, पण आपली पिढी एकूण पस्तीस म्हणजे उत्तीर्ण या शाळेतल्या हिशेबातून कधी बाहेर येत नाही.

"मग बी.कॉम.ला असते तर सुटले असते का?" तिने विचारले. नाही, म्हटले, तिथेही हाच नियम आहे. ती थोडी हसली. मग आम्ही ताळेबंदाची दोन गणिते घेऊन बसलो. घसारा तिने दोनदा धरला होता, आणि आगाऊ दिलेले भाडे देणी बाजूला गेले होते. केटीचा अर्ज तिने त्याच आठवड्यात भरला, आणि फेरपरीक्षेत लेखीला ३१ मिळवले.