पुढचा बर्फ पडण्याआधी

२७ डिसेंबर, रात्र

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पहाटे पारा किती उतरला, हा आमच्या निफाड तालुक्यात या दिवसांतला रोजचा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर पाच-सहा अंश असे आले की द्राक्षबागायतदाराच्या घरातली झोप उडते. मण्यांत पाणी उतरण्याचे हे दिवस आहेत. अशा वेळी कडाका वाढला तर फुगवण थांबते आणि मण्यांना तडे जातात. म्हणून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून धूर करायचा आणि पहाटे विहिरीचे पाणी ठिबकमधून सोडायचे, कारण ते हवेपेक्षा ऊबदार असते. हे रात्री दोन वाजता बागेत जातात आणि माझ्या वाट्याला चुलीवरचा चहा आणि जागरण येते. या वर्षीच्या जागरणासाठी पुतणीने पुण्याहून एक जुने पुस्तक आणून दिले आहे. स्टेफ पेनी या लेखिकेची ही पहिलीच कादंबरी, 'द टेंडरनेस ऑफ वुल्व्ज'. पहिले पान उघडले तेव्हा साडेबारा वाजले होते. हे बागेतून परत येऊन चहा मागू लागले तेव्हा मी पन्नासाव्या पानाच्या पुढे होते.

काळ १८६७ चा, आणि जागा कॅनडातल्या जॉर्जियन उपसागराच्या उत्तर काठावरची डव्ह रिव्हर नावाची छोटी काल्पनिक वसाहत. तिथे लॉरां जामे नावाचा, सापळे लावून जनावरे धरणारा फ्रेंच शिकारी एकटा राहतो. हिवाळा तोंडावर असताना शेजारीण मिसेस रॉस त्याच्या झोपडीत जाते आणि तो तिला बिछान्यात मेलेला दिसतो. गळा चिरलेला आणि डोक्याची कातडी काढून नेलेली. त्याच सुमारास तिचा दत्तक घेतलेला सतरा वर्षांचा मुलगा फ्रान्सिस घरातून नाहीसा झालेला असतो, आणि झोपडीपासून निघालेल्या पाऊलखुणा उत्तरेकडे, रानात गेलेल्या असतात. वस्तीतल्या लोकांना या दोन गोष्टींची बेरीज करायला वेळ लागत नाही. आईलाही ती बेरीज करता येते, पण तिला ती मान्य नाही, आणि इथूनच कादंबरी चालू लागते.

२९ डिसेंबर

आपल्याकडच्या रहस्यकथेत पावसाची रात्र असते, अमावास्या असते, विजेचा लखलखाट असतो. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढलेल्या माझ्या वडिलांच्या पिढीला तेच वातावरण ठाऊक होते. पाऊस गुन्हेगाराच्या बाजूचा असतो, कारण तो खुणा धुऊन टाकतो. बर्फाची गोष्ट निराळी आहे, आणि ती मला या पुस्तकाने पहिल्यांदा नीट समजावून दिली. बर्फ आधी खूण उमटवून घेतो, ती जपून ठेवतो, आणि मग पुढच्या वर्षावात स्वतःच ती झाकून टाकतो. म्हणजे माग काढणाऱ्याला जो अवधी मिळतो तो दोन हिमवर्षावांमधला. ज्याला वाचता येते त्याच्यासाठी तेवढा वेळ सगळे रान उघडे असते: माणूस कोणत्या बाजूला लंगडत होता, ओझे किती होते, कुठे थांबला, कुठे घाईत निघाला.

विल्यम पार्कर हा असा वाचणारा आहे. तो मिश्र वंशाचा, आई-बापांपैकी एका बाजूने मूलनिवासी, जामेचा जुना ओळखीचा. त्याला झोपडीपाशी पाहिल्याबरोबर संशयित म्हणून पकडतात आणि मारहाण करतात. मिसेस रॉस मग त्याच्याच सोबतीने मुलाच्या शोधात निघते. जिच्या मुलावर खुनाचा संशय आहे ती आणि ज्याच्यावर स्वतःवरच खुनाचा संशय आहे तो, अशी ही दोघे बर्फातून चालत राहतात, आणि तिला त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे दर मुक्कामाला नव्याने ठरवावे लागते.

मी या निमित्ताने बर्फातल्या मागाविषयी थोडे वाचून काढले. पायाखाली दाबला गेलेला बर्फ काही वेळाने घट्ट होऊन बसतो, आजूबाजूचा भुसभुशीतच राहतो. त्यामुळे वरून नवा थर पडला तरी जुनी वाट जाणकाराच्या पायाला किंवा काठीच्या टोकाला लागते. आणि कडाक्याच्या थंडीत घाम येऊ देणे घातक असते, कारण ओले झालेले कपडे ऊब धरत नाहीत आणि थांबल्यावर गोठू लागतात. म्हणून अनुभवी माणूस एका लयीत, दमणार नाही एवढ्याच वेगाने चालतो. मुलगा पुढे गेलेला आहे, बर्फ केव्हाही पडेल, आणि तरीही आईने घाई करायची नाही! या एका गोष्टीतला ताण मला सगळ्या खुनापेक्षा मोठा वाटला.

३० डिसेंबर, सकाळ

भाकऱ्या करताना मोठ्या जाऊबाईंना, म्हणजे ताईंना, गोष्ट सांगत होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण गोष्ट ऐकण्याची हौस माझ्याहून जास्त आहे. मी जामेचा खून, कवटीची कातडी, वाडग्याएवढे रक्त असे सगळे रंगवून सांगितले, तेव्हा त्या पीठ मळत राहिल्या आणि शेवटी एवढेच म्हणाल्या, "ते असू दे. पोरगा सापडला का गं?"

रात्री वाचताना त्यांचे ते वाक्य डोक्यात राहिले. कादंबरीची खरी ओढ त्यांनी मला सांगून टाकली. खुनी कोण याची उत्सुकता मला होतीच, पण रात्री दोन वाजता पान उलटायला लावते ती आईची चिंता. पेनीबाईंनी रहस्यकथेचा सांगाडा घेतला आणि त्यात काळजीने चालणारी एक मध्यमवयीन बाई उभी केली, जिचे पहिले नाव सगळ्या पुस्तकात कुठेही येत नाही. तिचे प्रकरण ती स्वतः सांगते, तेही वर्तमानकाळात. बाकीच्यांची प्रकरणे तृतीय पुरुषात येतात. त्यामुळे ती बोलू लागली की आपण एकदम तिच्या श्वासाजवळ जातो.

१ जानेवारी

आज लेखिकेविषयी जे कळले ते मी ताईंना लगेच सांगितले, कारण ते त्यांना सांगायलाच हवे होते.

स्टेफ पेनी एडिनबरोच्या. मुळात पटकथालेखिका. ही कादंबरी त्यांनी लिहिली तेव्हा त्यांनी कॅनडात पाऊलही ठेवले नव्हते. मोकळ्या जागेची, घरापासून दूर जाण्याची भीती मनात घर करून बसते, तसल्या आजाराने त्या त्या काळात ग्रासलेल्या होत्या आणि इतका लांबचा प्रवास त्यांच्या आवाक्यात नव्हता. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत बसून, कॅनडात कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या काळातल्या प्रवाशांचे आणि व्यापाऱ्यांचे लेखन वाचून त्यांनी ते सगळे रान उभे केले. पुस्तक २००६ मध्ये आले आणि त्याच वर्षाचा ब्रिटनमधला कोस्टा साहित्य पुरस्कार आधी पहिल्या कादंबरीच्या गटात आणि नंतर सर्व गटांतून वर्षातले सर्वोत्तम पुस्तक म्हणून त्याला मिळाला. न पाहिलेल्या देशावर लिहिलेल्या पुस्तकाला एवढा मान मिळाल्याची त्या वेळी बरीच चर्चा झाली.

आमच्या ताई थोरल्या मुलाच्या अपघातानंतर जवळजवळ दोन वर्षे घराच्या बाहेर पडल्या नव्हत्या. मुलगा बरा झाला, कामाला लागला, पण यांना फाटकापर्यंत जायचे म्हटले तरी दरदरून घाम फुटे. दाराच्या चौकटीला डावा हात धरून उभ्या राहत आणि बागेकडे बघत. त्या हाताने चौकटीवरचा रंग एका जागी उडालेला अजून दिसतो. घरातल्यांनी नाना उपाय केले, कुणी देवाचे सांगितले, कुणी रागावले. तेव्हा त्याला काही नाव असते हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हते. म्हणून मी जेव्हा सांगितले की ही बाई अशीच होती आणि तिने हे लिहिले, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर विचारले, "आणि त्या गोष्टीतल्या बाईला पण तसंच व्हायचं का?"

हो, तिलाही तसेच व्हायचे. मिसेस रॉस तरुणपणी स्कॉटलंडमधल्या वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेली आहे; मोकळ्या जागेत तिचा जीव घाबरा होई आणि तिला अफूच्या अर्काची सवयही लागली होती. अशा बाईला लेखिका जगातल्या सर्वांत विस्तीर्ण, सर्वांत रिकाम्या मुलखात, ऐन हिवाळ्यात पायी पाठवते. न पाहिलेल्या प्रदेशावर लिहावे का, हा वाद मी आजवर अनेकदा ऐकला आहे आणि पुष्कळदा माझे मत नकाराकडे झुकलेले असे. पण इथे मला वाटते की लेखिकेने भूगोल वाचनातून घेतला आणि भीती स्वतःच्या अंगातून घेतली, आणि त्या दुसऱ्या गोष्टीच्या बळावर पहिली खरी झाली. क्षितिजापर्यंत कुठेही आडोसा नाही, असे पांढरे पठार ती ज्या शब्दांत उभे करते, ते शब्द मोकळ्या जागेची हौस असलेल्या माणसाला सुचले नसते.

३ जानेवारी

इतिहासाची बाजूही पक्की आहे. हडसन्स बे कंपनीला १६७० मध्ये इंग्लंडच्या राजाने सनद दिली आणि हडसन उपसागराला येऊन मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा प्रदेश एका व्यापारी मंडळीच्या हाती गेला. आपल्याला ईस्ट इंडिया कंपनी माहीत असल्यामुळे हे प्रकरण समजायला वेळ लागत नाही: तिथेही कोठी, कोठीचा अधिकारी, हिशेबनीस, आणि मालाच्या बदल्यात मालाचे दर. फरक एवढाच की तिथे दराचे माप बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या दाट लवेच्या प्राण्याची कातडी हे होते. बंदूक इतक्या कातड्यांना, कांबळे इतक्या कातड्यांना. जनावराची लव हिवाळ्यात सर्वांत दाट होते, म्हणून उत्तम कातडे हिवाळ्यातच मिळते आणि म्हणून माणसे नेमक्या जीवघेण्या महिन्यांत रानात असतात. कादंबरीतल्या थंडीचे मूळ या व्यापारात आहे, हे कळल्यावर मला ती थंडी अधिकच खरी वाटू लागली.

१८६७ हे सालही विचाराने निवडलेले आहे. त्या वर्षीच्या १ जुलैला कॅनडाचे संघराज्य स्थापन झाले. तोवर युरोपात रेशमी हॅट रूढ होऊन बीव्हरच्या लवेपासून केलेल्या हॅटचा जमाना सरला होता, आणि दोन-तीन वर्षांतच कंपनी आपला विशाल मुलूख कॅनडाच्या हवाली करणार होती. कादंबरीतली कंपनीची माणसे या उतरणीवर उभी आहेत. त्यांतला डोनाल्ड मूडी हा चष्मा लावणारा तरुण हिशेबनीस माझा फार लाडका झाला. वहीतले आकडे सोडून त्याला खुनाच्या चौकशीला जावे लागते आणि प्रत्येक मैलाला तो थोडा मोठा होत जातो.

५ जानेवारी, पहाट

पुस्तक संपले. खुनी कोण, ते इथे लिहीत नाही. फ्रान्सिस कुणाच्या मागावर गेला आणि सापडल्यावरही का गप्प राहिला, तेही नाही, कारण पुतणीला अजून वाचायचे आहे.

मला जे खटकले ते मात्र लिहून ठेवते. धागे फार आहेत. अनेक वर्षांपूर्वी रानात हरवलेल्या दोन बहिणी, हाडाच्या पट्टीवर कोरलेली कसलीशी अक्षरे, त्या पट्टीमागे लागलेला म्हातारा स्टरॉक, दंडाधिकाऱ्याच्या मुली, आपल्या दोन मुलांना घेऊन प्रियकराबरोबर नॉर्वेजियन वसाहतीतून पळणारी विधवा लीने. यांतला प्रत्येक धागा सुरू होताना मन ओढून घेतो, पण शेवटी सर्वांना सारखा न्याय मिळत नाही. हाडाच्या पट्टीविषयी तर मला हातात आलेले काही निसटल्यासारखे वाटले. आणि पार्कर आपल्याला बहुतेक मिसेस रॉसच्याच डोळ्यांनी दिसतो. ज्याच्या लोकांची ती भूमी होती, त्याच्या मनातले मला अजून ऐकायचे होते. पहिल्या कादंबरीत लेखक आपल्याजवळचे सगळे एकदम देऊन टाकतो, तसे इथे झाले असावे.

पण लीनेचा प्रसंग मी विसरणार नाही. मुलांना ओढत, वाट चुकलेली, सगळीकडे सारखेच पांढरे, आणि उजेड मावळू लागलेला. तो भाग वाचत असताना बाहेर बागेत धूर पसरला होता आणि यांची विजेरी ओळीओळींतून पुढे सरकताना दिसत होती. एका क्षणी ती दिसेनाशी झाली. वेलींच्या आड गेली असणार हे माहीत असूनही मी पुस्तक उपडे ठेवून ओट्यावर येऊन उभी राहिले, आणि उजेड पुन्हा दिसेपर्यंत आत गेले नाही.

ताई उठून आल्या. शाल घट्ट गुंडाळून त्याही ओट्याच्या कडेला, पायरीपाशी उभ्या राहिल्या. मी सांगितले की पुस्तक संपले. त्या म्हणाल्या, "मला शेवट सांगू नकोस. जिथं राहिलीय तिथूनच सांग." आमची गोष्ट अजून नॉर्वेच्या माणसांनी वसवलेल्या हिमेलवांगर या वसाहतीपर्यंतच आलेली आहे; अर्धमेला फ्रान्सिस तिथल्या लोकांना सापडला आहे, आणि आई अजून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर आहे. आधण ठेवले आणि तिथून पुढे सांगायला घेतले.